दादाने पाहिलेली सात राज्यं

अमेरिकेला निघालेल्या माणसाला मी पहिला प्रश्न विचारायचो, कुठलं राज्य? नुसतं अमेरिका म्हणणं म्हणजे नुसतं आशिया म्हणण्यासारखं आहे. मग मी माझी यादी उघडायचो. इथे सिंगापुरात, सेंगकांगमधल्या ओळखीच्या चार-पाच मराठी घरांनी ती यादी घेऊन सहली केल्या होत्या. मी स्वतः अमेरिकेत पाऊल ठेवलेलं नव्हतं. यादी माझी असली तरी माहिती दादाची होती.

दादा, माझा मोठा भाऊ, मालवाहू जहाजांवर चीफ इंजिनियर होता. वहिनी हौगांगच्या फ्लॅटमध्ये आणि तो वर्षातले सात-आठ महिने समुद्रावर. अमेरिकेतल्या बंदराला जहाज लागलं की त्याचा फोन यायचा, आधी वहिनींना, मग मला. मी एक्सेलमध्ये रकाने आखून ठेवले होते: राज्य, काय बघावं, नवल कशाचं वाटतं, दादा कधी गेला, कुठे जेवला. लुइझियाना: न्यू ऑर्लिन्समध्ये कबरी जमिनीच्या वर बांधतात, कारण खणलं की पाणी लागतं. ऑरेगन: पंपावर पेट्रोल स्वतः भरायचं नाही, माणूस येऊन भरतो, तसा कायदाच आहे. जॉर्जिया: सव्हाना शहरात जुन्या घरांच्या व्हरांड्यांची छतं फिकट निळी रंगवतात. भुतांना ते पाणी वाटतं, आणि भुतं पाणी ओलांडत नाहीत म्हणे. तिथेच नदीकाठी एका मुलीचा पुतळा आहे. हातात कापड धरून ती जहाजांकडे बघून हलवते.

"मलाच बोलावते असं वाटतं रे," दादा म्हणाला होता. तेवढं मी लिहून घेतलं नाही. कुठल्या रकान्यात घालायचं ते कळलं नाही.

दादा गेला तो रजेवर असताना, हौगांगच्या घरात, सकाळचा चहा घेता घेता. त्यानंतर दोन वर्षांनी, २०१६ साली, वहिनी आमच्याकडे जेवायला आल्या असताना म्हणाल्या, "भाऊजी, ह्यांनी अमेरिकेत जे जे बघितलं ते मला एकदा बघायचंय. दुसरं काही नको."

वहिनींनी आजवर माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. मी त्याच रात्री कामाला लागलो. सात राज्यं, वीस दिवस, चौघं जण: वहिनी, मी, माझी बायको आणि मुलगी.

माझी मुलगी तक्ता बघून म्हणाली, "काकू, सगळी बंदरंच? सो बोरिंग लाह."

"तुझे काका नाही कधी कंटाळले."

"काकांना पगार मिळायचा."

वहिनी हसल्या. खूप दिवसांनी हसल्या.

तक्त्यात एकच जागा रिकामी होती. ऑरेगनमध्ये दादा मासे कुठे जेवला ते लिहायचं राहिलं होतं. रिकामी जागा मला सहन होत नाही. दादाच्या हाताखाली सहा वर्षं काम केलेला सेकंड इंजिनियर, रत्नागिरीकडचा, आता जुरोंग ईस्टला ऑफिसात बसत होता. मी त्याला तिथल्या हॉकर सेंटरवर, खाण्याच्या गाळ्यांच्या गर्दीत गाठलं आणि लॅपटॉप उघडून ठेवला. त्याने सगळा तक्ता वाचला. मग कॉफीचा कप बाजूला सरकवला.

"बडा साब?" तो म्हणाला. जहाजावर चीफ इंजिनियरला हेच म्हणतात. "बडा साब किनाऱ्यावर उतरल्याचं मला तरी आठवत नाही."

"पुतळा तरी? तो नदीतूनच दिसतो. जहाज त्याच्यासमोरून जातं."

"जहाज जातं हो. पण बंदरात शिरताना वाट दाखवणारा तिथला पायलट वर चढतो आणि बडा साब खाली उतरतो. निघतानाही तेच. इंजिनरूमला खिडकी नसते. पाण्याच्या पातळीखाली असतो आम्ही."

"आणि बंदरात उभं असताना?"

"तेल भरायचं, सुटे भाग घ्यायचे, तपासणीवाले येणार. उतरायची पाळी आली की साब पोरांना पाठवायचे. खलाशांच्या क्लबातला माणूस पिशवी घेऊन यायचा. लोकरीच्या टोप्या, सिमकार्डं, त्या त्या राज्याची प्रवासी माहितीपत्रकं. टोप्या आम्ही घ्यायचो, पत्रकं साब. केबिनमध्ये बसून खुणा करायचे."

"पण मग आम्हाला असं का सांगायचा?"

"घरी काय सांगणार? पंप उघडला, पंप जोडला?"

जुरोंग ईस्टहून सेंगकांगपर्यंत एमआरटीला, म्हणजे इथल्या मेट्रोला, तासाच्या वर लागतो. तेवढ्या वेळात मला त्याचे फोन एकेक करून आठवले. प्रत्येक फोनमागे एक घरघर असायची. टेक्सस असो, मेरीलँड असो, एकाच सुरातली. मी ती रस्त्यावरच्या गाड्यांची समजत होतो. शहरं बदलत होती आणि घरघर बदलत नव्हती, हे यादी करणाऱ्या माणसाच्या लक्षात यायला हवं होतं.

आमच्या फ्लॅटला, इथल्या सगळ्या नव्या फ्लॅटना असतो तसा, बॉम्ब शेल्टर आहे. जाड काँक्रीटच्या भिंती, पोलादी दार, खिडकी नाही. आम्ही त्यात सुटकेसेस आणि माझ्या फायली ठेवतो. घरी आल्यावर मी फाईल ठेवायला आत गेलो आणि दार ओढून घेतलं. दिवाही लावला नाही. निळी छतं, कबरी, हात हलवणारी मुलगी, सगळं त्या भिंतीच्या पलीकडून जात असेल तर कसं वाटेल ते बघत उभा राहिलो. थोड्या वेळाने मला घरघर ऐकू आली. शेजाऱ्यांचा एसी असणार. पण दार उघडल्यावर ती आली नाही.

"बाबा, आत काय करताय?" मुलीने विचारलं.

"सामान किती बसतं ते बघतोय."

वहिनींना खरं सांगायचं मी ठरवलं. तिकिटं अजून काढायची होती. ज्या जागी तो उभाच नव्हता तिथे त्यांना नेऊन उभं करणं मला पटत नव्हतं. काय बोलायचं त्याचे तीन मुद्दे कागदावर काढले.

रविवारी दुपारी वहिनी आल्या. नवे चालायचे बूट घालूनच आल्या होत्या, सवय व्हावी म्हणून. खुर्चीवर बसायच्या आधीच म्हणाल्या, "भाऊजी, त्या मुलीच्या पुतळ्यापाशी हे नेमके कुठे उभे होते? मला तिथेच उभं राहायचंय."

कागद माझ्या खिशात होता.

"कठड्यापाशी," मी म्हणालो. "नदीकडे तोंड केलं की डाव्या हाताला. तिथे एक बाक आहे."

"कसला बाक?"

"लोखंडी. हिरवा." जरा थांबून मी म्हणालो, "सकाळी फार ऊन असतं, म्हणून तो चारनंतर गेला होता."

असा मधेच थांबून बारीकसा तपशील पुरवायची सवय माझी नाही. ती दादाची. हे मला बोलून झाल्यावर कळलं, आणि माझ्या बायकोलाही कळलं असावं, कारण तिने स्वयंपाकघरातून मान वर करून बघितलं.

वहिनींनी त्यांच्या छोट्या वहीत हिरवा बाक लिहून घेतला. "आणि लुइझियानात?"

मी लॅपटॉप उघडला. तक्त्यात आणखी एक रकाना घातला आणि वर लिहिलं, 'दादा कुठे उभा होता'. वहिनी एकेक राज्य वाचत गेल्या आणि मी भरत गेलो. झाड, पायरी, कोपऱ्यावरचं दुकान, पाऊस होता की नव्हता. सातही राज्यं झाली. मला एकदाही थांबून विचार करावा लागला नाही.