दगूबाईची गोळी आणि पाच मांडे

आमच्या ब्राह्मणपुरी गावात कुणाकडे मांडे करायचे असले की आधी दगूबाईला विचारतात आणि मग दिवस धरतात. दगूबाई म्हणजे माझी धाकटी जाऊ, पितांबर भाऊजींची बायको. या घरात मी तिच्याआधी आले, पण मांडा काही माझ्या हाताला लागला नाही. माझा मांडा कुठे जाड तर कुठे भोक. सासूबाई म्हणायच्या, "हाऊ मांडा शे का गोधडी?"

दगूबाईचं तसं नाही. पुरण भरलेला गोळा ती दोन्ही हातांवर घेते, असा फिरवते, तसा फिरवते, आणि बघता बघता तो तिच्या कोपरापर्यंत लुगड्यासारखा पसरतो. मग चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या खापरावर अलगद जाऊन निजतो. चाळीस वर्षांत तिच्या हातून एक मांडा खाली पडला नव्हता.

तो मागच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला पडला.

लेकी माहेरी आलेल्या, अंगणात निंबाला झोका बांधलेला, आमरस तयार. दगूबाई हातांवर मांडा घेऊन उभी होती. दारातून वाऱ्याची एक झुळूक आली, तिच्या डाव्या गालाला लागली, आणि ती "माय वं!" करून अशी ओरडली की मला वाटलं विंचू चावला. मांडा राखेत. ती गाल धरून खाली बसली. दोन मिनिटांनी उठली तर काहीच नाही, जशीच्या तशी.

"वीज पडनी बाई," मला म्हणाली. "गालमाईन डोकामा गई."

मग ती वीज रोज पडायला लागली. तोंड धुवायला गेली की पडे, भाकरीचा घास चावला की पडे, बोलायला तोंड उघडलं तरी पडे. दगूबाईने बोलणं सोडलं, तेव्हा गल्लीतल्या बायका विचारायला आल्या, घरात कोणी गेलं का म्हणून. भाऊजी म्हणाले, "या आजारमा एक गुन चांगला शे." त्या दिवशी भाऊजींना वाढायला कोणी उठलं नाही.

सगळ्यांनी ठरवलं, दाढ आहे. दातांच्या डॉक्टराने बॅटरी लावून बघितलं, म्हणाला दाढ चांगली आहे, काढायची गरज नाही. पण दगूबाई कुणाचं ऐकेल तर ना. "चांगली शे तं दुखस कसाले? काढ!" एक काढून घेतली. पंधरा दिवसांनी शेजारची काढून घेतली. दोन भाडेकरू गेले, घरातलं भूत तसंच.

वरून डोकं दुखायला लागलं ते वेगळंच. त्यासाठी धीरजच्या किराणा दुकानातली डोकेदुखीची गोळी. आधी सकाळी एक, मग दुपारीही एक, मग संध्याकाळीही. पुढे पुढे तर ही दुकानाच्या पायरीवर दिसली की धीरज न विचारता गोळी काढून ठेवी.

शेवटी तिचा मुलगा राजेंद्र तिला मोटारसायकलवर बसवून शहाद्याला डॉक्टर सीमा मॅडमकडे घेऊन गेला. गालाला वारा लागू नये म्हणून ही टॉवेल गुंडाळून बसली होती. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "मावशी, हे दाढेचं दुखणं नाही. चेहऱ्याची नस आहे, ती उगाच झटके देते." महिन्याच्या गोळ्या दिल्या, सकाळी एक, संध्याकाळी एक. मधे रक्त तपासायला या म्हणाल्या.

आठवड्याने दगूबाई डावीकडून भाकरी चावायला लागली. त्यानंतर दोनच दिवसांनी नळावर शेजारच्या नानीबाईशी तिचं जोरात भांडण झालं. आम्ही सगळे समजलो, औषध लागू पडलं.

त्यात काजलचं लग्न ठरलं. काजल म्हणजे राजेंद्रची मुलगी, दगूबाईची नात. लग्न माघात. आमच्या घरची रीत अशी की पोरीच्या लग्नात पहिले पाच मांडे कुळाच्या देवाला, आणि ते घरच्याच बाईच्या हातचे. बाकीचे शंभर-दोनशे बोलावलेल्या बायका करतात, त्याचं काही नाही. पण ते पाच घरचेच.

"पाची मी करसू," दगूबाई म्हणाली. "राखमा पडेल मांडानी लाज मले तठेच भरनी शे."

ती लाज भरून काढायची, आखाजीपासून तिच्या मनात तेवढंच होतं. माझी पंचाईत मला दिसत होती. तिला नाही जमलं तर मोठी म्हणून माझी पाळी, आणि देवाच्या पुढ्यात गोधड्या.

आता दगूबाईचा स्वभाव सांगते, म्हणजे पुढचं कळेल. तिच्या घरी पपई उतरली की आधी गल्लीत वानोळा जाणार. गिलकं जाईल, शेंगा जातील, विरजण जाईल. नवीन काही घरात आलं आणि चार घरी गेलं नाही, तर तिला जेवण गोड लागत नाही. गोळी तर केवढी गुणाची वस्तू! नानीबाई म्हणाली गुडघा दुखतो, दिली एक. नळावरचं भांडण तेवढ्यावर मिटलं. तुळशीबाईचं कपाळ चढलं, तिला दोन. कोणाची पाठ, कोणाची दाढ. मला कोणी काही सांगितलं नाही. मी आपली बघत होते की गल्ली हल्ली दुपारी फार शांत असते.

हे बाहेर पडलं ते काजलच्या साखरपुड्याच्या दिवशी. पाहुणे बैठकीत बसलेले, व्याही बोलत होते. भाऊजी लोडाला टेकून ऐकत होते. ऐकता ऐकता मान कलली, तोंड उघडलं, आणि त्यांनी असं घोरायला सुरुवात केली की भिंतीवरचं कॅलेंडर हललं. राजेंद्रने हलवलं तर एक डोळा उघडून "हां हां, बस" म्हणाले आणि पुन्हा घोरायला लागले. व्याही आपल्या भावाकडे बघायला लागले. भर दुपारी मुलीचा आजोबा असा पडलेला, कोणाच्याही मनात काय येईल? माळकरी माणूस, आयुष्यात कधी थेंब घेतला नाही, आणि त्यांच्यावर तो संशय!

तेव्हा दगूबाई स्वयंपाकघरातून बाहेर आली, पदर सावरून. "व्याहीबा, यास्नी काही पिधेल नही. सकायपासून डोकं दुखी ऱ्हायंतं, मीच मन्ही नसनी गोळी दिधी."

"एक?" राजेंद्रने विचारलं.

"दोन दिध्यात. पावनामा डोकं दुखाले नको म्हनीसन."

व्याही भला माणूस. हसून हसून त्याचा चहा सांडला. पण मी हसले नाही. मी बघत होते की दगूबाईने डावा गाल पदराने झाकलाय, आणि चहा उजवीकडून बशीने घेतेय. पाहुणे गेल्यावर तिला आतल्या खोलीत धरलं.

"गोळ्या किती उरल्या?"

तिने पदर गालावर आणखी ओढला.

"दगू, मी तुला विचारतेय."

"सरी गयात, बाई. चार दिन व्हयनात. यास्ले दिध्यात त्या तुळशीकडतून परत आन्या व्हत्यात."

लग्नाला राहिले होते बारा दिवस.

दुसऱ्या दिवशी मीही तिच्याबरोबर शहाद्याला गेले, म्हणजे तिथे खरं बोलेल. सीमा मॅडमनी कागद बघितला. "मावशी, महिन्याच्या गोळ्या अठरा दिवसांत संपल्या कशा?"

दगूबाई म्हणाली, "माय, गावमा सगळासलेच डोकं शे."

मॅडमनी पेन खाली ठेवला. रागावल्या, पण आवाज चढवला नाही, त्याचीच जास्त भीती वाटली. म्हणाल्या, ही गोळी नसेच्या झटक्याची आहे, गुडघ्याची नाही की कपाळाची नाही. दुसऱ्याला दिली तर कोणी चक्कर येऊन पडेल, कोणाच्या अंगावर उठेल, कोणाच्या जिवावर बेतेल. आणि तुम्ही स्वतः अशी एकदम बंद करायची नाही, दुखो वा न दुखो, रोजची रोज.

"आणि ते दुकानातलं पण बंद. रोज तीन-तीन डोकेदुखीच्या गोळ्या खाता ना? त्यानेच तुमचं डोकं दुखतंय."

दगूबाईने माझ्याकडे बघितलं. "म्हंजे मन्हाच कुत्रा, मीच भाकर टाकसू, आनि मलेच चावस?"

"अगदी तसंच," मॅडम म्हणाल्या, आणि आता त्यांना हसू आवरेना.

मग दगूबाईने मांड्यांचं सांगितलं. सांगताना तिने डोळ्यांना पदर लावला. वीज पडली तेव्हासुद्धा मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. मॅडम म्हणाल्या, गोळी पुन्हा थोडी थोडी वाढवत नेऊ, लग्नापर्यंत उतार पडेल असं वाटतं, पण वचन देत नाही. सुरुवातीला झोप येईल, भोवळ येईल. चुलीपाशी एकटीने उभं राहायचं नाही. हाताशी असं माणूस पाहिजे, जे हातातलं काम धरू शकेल.

परतीच्या रस्त्यात दगूबाई नुसती आपले हात बघत होती. मला कळत होतं का ते. हातातलं काम धरेल असं माणूस घरात कोणी नव्हतं, आणि ते तिच्यामुळेच. निशा, तिची सून, काजलची आई, बावीस वर्षं या घरात आहे. तिला खापराजवळ कधी उभं राहू दिलं नाही. "तुन्हा हात जड शे," एवढंच. बाईने गल्लीभर सगळं वाटलं, नको ती गोळीसुद्धा वाटली, पण मांडा मात्र मुठीत धरून बसली.

घरी येऊन तिने चप्पल काढली आणि हाक मारली, "निशा, कनीक मळ. सैल मळ."

निशा माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, बघतेस काय, मळ.

दहा दिवस आमच्या घरात दुसरं काही शिजलं नाही. निशाचे फाटके मांडे सकाळी, निशाचे फाटके मांडे संध्याकाळी. भाऊजी म्हणाले, "मन्ही साखर वाढी जाई." दगूबाई भिंतीला टेकून, गोळीच्या गुंगीत अर्धे डोळे मिटून बसायची आणि तिथूनच ओरडायची, "मनगट फिरव! मनगट! धुनं पिळी ऱ्हायनी का तू?" निशाही काही कमी नाही. "आत्याबाई, तुम्ही झोपा ना, गोळीचा गुण येऊ द्या." पहिले पाच-सहा दिवस दुकानातली गोळी सोडल्याने तिचं डोकं फार दुखलं. तिने कपाळाला फडकं बांधलं, पण धीरजची पायरी चढली नाही. मग तेही उतरायला लागलं. वीजही दिवसाला आठ वेळांवर आली, मग दोनवर.

देवाच्या मांड्यांच्या दिवशी सकाळी थंडी होती. दारं-खिडक्या मी स्वतः लावून घेतल्या, झुळूक नको. दगूबाईने कानाला रुमाल बांधला आणि उभी राहिली. पहिला मांडा खापरावर गेला. दुसरा, तिसरा. एवढ्या बायका उभ्या, पण बांगडीचा आवाज नाही. चौथा गेला तेव्हा मी श्वास सोडला.

पाचवा तिच्या कोपरापर्यंत आला, आणि तिचा डावा डोळा बारीक झाला. मी ओळखलं. ती ओरडली नाही, नुसती दगडासारखी उभी राहिली. मांडा हातांवरून ओघळायला लागला.

"निशा," ती दातांतून म्हणाली, "लेय."

निशाने खालून हात घातले, मांडा आपल्या हातांवर घेतला, मनगट फिरवलं आणि खापरावर टाकला. एका बाजूला थोडा जाड, कडेला बोटाएवढं भोक. पण राखेत नाही, खापरावर.

दगूबाईने मोकळ्या हाताने गाल धरला, मग सोडला. झटका लहान होता, निघून गेला. मांड्याकडे बघून म्हणाली, "देवले भोक चालस. त्याले पुरन दिसाले पाहिजे."

काजलचं लग्न चांगलं झालं. व्याह्यांनी जेवताना विचारलंच, "पितांबरभाऊ, आज जागे ना?"

गोळी दगूबाई अजून घेते, दर थोड्या दिवसांनी रक्त तपासून येते. पाकीट तिने कुठे ठेवलंय सांगू? फडताळात, आमच्या कानबाई देवीच्या नारळाशेजारी. तिथे पारोशी बाई हात लावत नाही. तिला स्वतःलाही सकाळी अंघोळ करून आणि संध्याकाळी हातपाय धुऊनच तिथे जावं लागतं, म्हणून वेळ चुकत नाही.

परवा नानीबाई आली, कपाळ धरून. "दगू, एक दे ना वं."

"ती कानबाईनी शे," दगूबाई म्हणाली. "तुले पाहिजे तं शहादाले जाय, मॅडमले दखाड. बस आते, निशाना हातना मांडा खाय."

नानीबाईने दोन खाल्ले. डोकं कुठे गेलं, तिलाही आठवलं नाही.