सोनागिरीच्या रस्त्यावरची जिलबी

हिंगणघाटहून मी निघाले तेव्हा मला दोघींनी बोलावलं होतं, आणि दोघींना माझ्याकडून उलटसुलट काम हवं होतं. आधी माझ्या मुलीचा, लताचा फोन आला. आई, तू भोपाळला ये आणि पल्लवीला समजाव, काम सोड म्हणावं. मागोमाग पल्लवीचा आला. आजी, तू ये आणि आईबाबांना समजाव. पल्लवी माझी नात. तिथल्या सरकारी कारखान्यात लेथवर शिकाऊ आहे. घडलं होतं असं, की शेजारच्या सोनागिरी वस्तीकडून टाउनशिपमध्ये येणाऱ्या रस्त्यावर, कारखान्याच्या भिंतीलगत, संध्याकाळी कुणीतरी कुणा बाईचा हात धरला. लांबून बघणाऱ्याला अंधारात बाई कोण, माणूस कोण, ते कळलं नव्हतं. पण पल्लवी रोज त्याच रस्त्याने घरी येते, म्हणून तिच्या बापाने तिला घरात बसवायचं ठरवलं होतं.

माझी पिठाची गिरणी आहे. निघायच्या दिवशी कमल दळण घेऊन आली. कापसाच्या जिनिंगमागच्या गल्लीत ती धंदा करते. याला गोड शब्द मला येत नाही. गहू मात्र सगळ्यांसारखाच आणते. कुठे निघालात म्हणाली, मी सगळं सांगितलं. "काय ठरतं ते येऊन सांगा, काकू," एवढंच बोलली आणि डबा उचलून गेली.

गाडीत इटारसीच्या आधीच माझी संत्र्यांची पिशवी फाटली. संत्री डबाभर पळाली. लोकांनी गोळा करून दिली, काहींनी सोलून मग दिली. एका सरदारजींनी फोड तोंडात टाकून, फार गोड आहेत माताजी, अशी पावतीही दिली. भोपाळला उतरले तेव्हा पिशवी हलकी आणि डबा ओळखीचा झाला होता.

स्टेशनवर जावई आले होते. विनायकराव कारखान्यात अधिकारी आहेत. माणूस चांगला, पण बोलायला लागला की समोर माईक आहे असं समजतो. टाउनशिप मला आवडली. रुंद रस्ते, मोठाली झाडं आणि एकसारखी क्वार्टरं. एकाच साच्यातून काढलेल्या इडल्या जशा. प्रत्येकापुढे तेवढंच अंगण आणि अंगणात पेरूचं झाड.

जेवताना विषय निघालाच. विनायकरावांनी उपाय शोधून ठेवला होता. सरकारने वेश्याव्यवसायाला रीतसर परवाना द्यावा, म्हणजे रस्त्यावरच्या मुलींना त्रास होणार नाही.

"आई, पाणी तुंबलं की भिंत फोडतं," ते म्हणाले. "त्याला मोरी काढून द्यावी."

मला ते पटलं. मीही जन्मभर असंच ऐकत आले होते. पल्लवीने मात्र पोळी ताटात टाकली.

रविवारी दुपारी तिथल्या मराठी मंडळाचा तिळगुळाचा कार्यक्रम होता. दरवर्षी त्यात वादविवाद असतो आणि या वर्षी विनायकरावांनी हाच विषय सुचवला होता. मंडळाची पद्धत अशी, की दारात प्रत्येकाला एक सुपारी देतात. भाषणं झाल्यावर समोर दोन ताटं ठेवतात, एक 'हो'चं, एक 'नाही'चं. ज्याला जे पटेल त्या ताटात सुपारी टाकायची. विनायकराव दरवर्षी जिंकतात.

"बाबा, यंदा हरलात तर मी कामावर जाणार," पल्लवी म्हणाली.

"आणि जिंकलो तर?"

"तर बसेन घरी. पापड लाटेन. तुम्हालाच खावे लागतील."

विनायकरावांनी हात पुढे केला. लता माझ्याकडे बघत राहिली. मी भात मागितला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटी फिरायला गेले. परत आले, पेरूचं झाड बघून आत शिरले, खुर्चीत बसले आणि चहा टाक गं, असं ओरडून सांगितलं. चहा आला. पाठोपाठ पोह्यांची बशी आली, वर शेव आणि जीरावन (इंदूरकडचा चटपटीत मसाला, तिकडे पोह्यांवर भुरभुरतात). आमच्या लताला असे पोहे कधी जमले, म्हणून मान वर केली तर समोर भलतीच बाई. मी दुसऱ्याच क्वार्टरमध्ये बसले होते.

"उठू नका मावशी," ती म्हणाली. "इथे हे होऊनच राहतं. मागच्या महिन्यात एक पाहुणे आमच्याकडे आंघोळ करून गेले."

ती मीनाताई. माहेर इंदूरचं, नवरा कारखान्यात फोरमन. रविवारी विनायकरावांच्या विरुद्ध तीच बोलणार होती. मी कोणाची कोण ते सांगितलं, पल्लवीचं सांगितलं. ती बाहेर बघून आली. मग दार लोटून माझ्याजवळ बसली.

"ती बाई मीच ना, मावशी."

मग तिने सगळं सांगितलं. ती सोनागिरीहून भाजी घेऊन येत होती. माणूस परका नव्हता, टाउनशिपमधलाच. बायको, दोन मुलं, पक्की नोकरी. त्याच्या एका हातात घरी न्यायचा जिलबीचा पुडा होता. दुसऱ्या हाताने त्याने हिचा दंड धरला. हिने पुडा हिसकला आणि त्याच्याच टाळक्यात हाणला. गरम पाक त्याच्या कानामागून सदऱ्यात उतरला आणि तो नाचायला लागला. हीसुद्धा पाकाने माखली. सांगताना ती हसायला लागली, मग मीही. बशीतली शेव उडाली इतकं हसलो.

पण हसणं ओसरल्यावर म्हणाली, घरी बोलले नाहीये. लोक पहिला प्रश्न हाच विचारतील की तू तिथे एकटी काय करून राहिली होतीस. मी म्हटलं, मग माझी नात पापड लाटणार. तिने बशा उचलल्या. जाताना तिने मला माझ्या क्वार्टरच्या दारापर्यंत सोडलं, नाहीतर मी तिसऱ्याच घरी जेवले असते.

रविवारी सभागृह भरलं होतं. विनायकराव छान बोलले. मोरीचा दाखला दिला, टाळ्या पडल्या. मग अध्यक्षांनी विचारलं, कुणाला शंका आहे का. मला खरीच शंका होती. मी उभी राहिले.

"दुकान कुठे काढणार?"

विनायकराव म्हणाले, तो तपशिलाचा भाग आहे. पण सभेने तपशील धरला. एकजण म्हणाले गोविंदपुऱ्यात, तिथे नुसते छोटे कारखाने आहेत. ज्यांचा गोविंदपुऱ्यात कारखाना होता ते उसळले, आमच्याकडे बायका कामाला येतात हो. दुसरे म्हणाले कोलार रोडला. तिकडे कुणीतरी मुलीसाठी फ्लॅट घेऊन ठेवला होता. सोनागिरी म्हणताच तर अर्धी सभा उठली, कारण रिटायर झाल्यावर बरेचजण तिथेच राहायला गेले होते. क्वार्टर वाटपाच्या ऑफिसात आयुष्य काढलेले एक आजोबा गंभीरपणे विचारायला लागले, की जागा कोणत्या टाइपची द्यायची आणि सिनिऑरिटी धरायची की नाही. मोरी सगळ्यांना हवी होती, आपल्या घराजवळ कुणालाच नको होती. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. विनायकराव घाम पुसत होते.

मग मीनाताईचं नाव पुकारलं. तिच्या हातात लिहिलेला कागद होता. तो तिने घडी करून बाजूला ठेवला आणि जिलबीची गोष्ट सांगितली. त्या माणसाचं नाव घेतलं नाही. कुणीतरी फिस्सकन हसलं, मग सगळेच. तिचा नवरा मागच्या रांगेत उभा राहिला.

"म्हणून त्या दिवशी तुझ्या साडीला मुंग्या लागल्या होत्या," तो म्हणाला. "मला सांगायचं ना, मीना."

"आता सांगून राहिले," ती म्हणाली. मग सभेकडे वळली. "तो तुंबलेला नव्हता हो. घरी बायको होती, हातात तिच्यासाठी जिलबी होती. अंधार होता, मी एकटी होते आणि मी बोलणार नाही हे त्याला माहीत होतं. एवढंच. त्याच्यासाठी दहा दुकानं काढा, त्याने माझाच हात धरला असता."

ताटं आली. लोक रांगेने सुपाऱ्या टाकून गेले. मोजल्या तर दोन्हीकडे सारख्या, आणि एक कमी. अध्यक्षांनी खुर्च्यांखाली बघायला लावलं. पल्लवी माझ्याकडे बघत होती.

"आजी, तू काय चघळतेयस?"

सवय, दुसरं काय. हातात सुपारी आली की माझा अडकित्ता आपोआप निघतो. गडबडीत माझं मत मी कातरून खाल्लं होतं. सभेने इतका दंगा केला की बाहेरचा चौकीदार आत डोकावला. अध्यक्षांनी मला दुसरी सुपारी दिली, आता टाका म्हणाले. पल्लवी एका बाजूला, जावई दुसऱ्या बाजूला.

मी म्हटलं, "कायदा करायचा तर करा. आमच्याकडे कमल म्हणून एक आहे, ती धंदा करते. तिला गिऱ्हाईक मारतं आणि चौकीवर तिला उभं करत नाहीत, तुझ्यावर कसला अत्याचार म्हणतात. तिच्यासाठी करा. माझ्या नातीच्या नावावर करू नका. असं ताट तुमच्याकडे नाही, म्हणून मी सुपारी टाकत नाही."

आणि सुपारी बटव्यात ठेवली.

"मग पैजेचं काय?" विनायकरावांनी विचारलं.

उत्तर लताने दिलं. आठवडाभर मुलीला घरी बस म्हणणारी माझी लेक उठून म्हणाली, "पैज गेली खड्ड्यात. ती उद्या जाईल. संध्याकाळी मी फिरायला त्याच रस्त्याने जाईन. कोण येतंय?"

मीनाताईचा हात पहिला वर गेला. मग किती वर गेले ते मी मोजले नाहीत.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला आम्हा बायकांची जत्राच निघाली. कुणी स्वेटर विणत चालत होत्या, कुणी भेंड्या लावल्या. पल्लवी गेटातून बाहेर आली आणि आम्हाला बघून तिने कपाळावर हात मारला, इतकी मिरवणूक कशाला म्हणाली, पण चालली आमच्यातच. परतताना समोरून विनायकराव आले. लेकीसाठी काळजीने निघाले होते, आणि वाटेत गोड काहीतरी घ्यावं म्हणून हातात जिलबीचा पुडा. पुडा दिसताच सगळ्या बायका थांबल्या. त्यांना कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा त्यांनी पुडा लताच्या हातात दिला आणि दोन्ही हात वर केले. माझा जावई इतका मोकळा हसलेला मी लग्नातही पाहिला नव्हता.

टाउनशिपमध्ये आता पुरुष जिलबी न्यायला बिचकतात. सोनागिरीचा हलवाई कुरकुरतो म्हणे. मला स्टेशनवर सोडताना विनायकरावांनी पेढे दिले.

हिंगणघाटला गिरणी उघडली त्या दिवशी कमल आली. मी सगळं सांगितलं. दुकानाच्या जागेवरून झालेलं भांडण ऐकताना ती हसून हसून पायरीवर बसली. जिलबीपाशी मात्र थांबली.

"माझ्याकडून घरी जाताना गिऱ्हाइकंही पुडा घेऊन जातात, काकू. मला मारून मग जिलबी घ्यायला जातात." मग म्हणाली, "तुमच्या जावयाच्या भाषणात मी कुठे होते?"

"तू मोरी होतीस."

ती पुन्हा हसली, पण या वेळी मी हसले नाही. बटव्यातली भोपाळची सुपारी काढली आणि तिच्या हातावर ठेवली. तुझं ताट निघेल तेव्हा टाक, म्हटलं. तोवर जप, माझ्यासारखी खाऊन टाकू नकोस.