कावळा लगेच शिवला

जनार्दन गेल्याचा फोन त्याच्या थोरल्या भावाने केला. मी पेणच्या बाजारात भाजी घेत होतो. "जनू गेला रं सकाली. छातीत कल आली, दवाखान्यात नेईपर्यंत सगलं संपलं," दादा म्हणाले. मी हातातली पिशवी कुठे ठेवावी हे न कळून तसाच उभा, आणि ते त्याच दमात पुढे म्हणाले, "त्याची ती माशांची टाकी कोन घेईल काय, तुज्या वलकीत?" माणूस अजून घरातून उचलला नव्हता! दीड महिना होऊन गेला, पण ते वाक्य आठवलं की अजून माझं डोकं फिरतं. रोह्याला पोचेपर्यंत मी रडलो नाही, नुसता धुमसत होतो... त्या संतापानेच मला तिथवर नेलं म्हणा ना.

जनार्दन आणि मी धाटावच्या एकाच कंपनीत, एकाच शिफ्टला. तो मूळचा पेणच्या खाडीकडचा, मिठागरवाल्यांच्या घरातला. लग्नानंतर रोह्यात राहायला आला. आमचे एक साहेब बदली होऊन निघाले तेव्हा त्यांना बंगल्यातली खाऱ्या पाण्याची टाकी जड झाली. "कुणी नेत असेल तर न्या, नाहीतर फेकून देतो," असं ते सगळ्यांदेखत म्हणाले. आत जिवंत मासे, खडकांवर हलणारं प्रवाळ, आणि हा गृहस्थ जुन्या चपलेबद्दल बोलावं तसं बोलतो! शिफ्ट सुटल्यावर जनार्दनने टेम्पो आणला. खडक ओल्या गोणपाटात, मासे झाकणाच्या बादल्यांत, जुनं पाणी कॅनमध्ये. वाटेतला प्रत्येक खड्डा जणू मीच खणला होता, अशा शिव्या त्याने मला घातल्या. घरी गेल्यावर कळलं की टाकी एका कोपऱ्यातून गळते. साहेबांनी ते सांगितलं नव्हतं, कशाला सांगतील? जनार्दनने सांधा खरवडून नवा सिलिकॉन भरला आणि तो सुकेपर्यंत घरातले सगळे टब माशांनी अडवले. त्याची बायको, सुलभावहिनी, धुणं घेऊन शेजारी जायच्या.

पुढची चूक मात्र मिठागरातल्या माणसानेच करावी अशी होती. अॅक्वेरियमच्या दुकानदाराने बजावलं होतं, या टाकीचं मीठ वेगळं मिळतं, तेच वापरा. जनार्दन भडकला. "माज्या बापानं जलमभर मीठ पिकवलं, आन मी मीठ इकत घेऊ?" त्याने गावाहून आगरातलं मीठ आणून कालवलं. प्रवाळ हळूहळू मिटत गेलं, आक्रसलं. मग दुकानदारानेच समजावलं, की मीठ काढून घेतल्यावर मागे जे कडू पाणी उरतं, त्यातलंही बरंच काही प्रवाळाला लागतं. नुसत्या मिठावर ते जगत नाही. जनार्दन घरी आला. "आमी ते पानी वतून देत व्हतो रं," एवढंच म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी मुकाट्याने मीठ विकत आणलं.

त्यानंतर रोज सकाळी उडून गेलेल्या पाण्याइतकं गोडं पाणी घालायचं, कारण पाणी उडतं, मीठ उडत नाही. आठवड्याला थोडं पाणी बदलायचं, काचेवरचं शेवाळ काढायचं, लाइट गेली की बॅटरीचा पंप लावायचा. उन्हाळ्यात रोह्यात अंगाची लाही लाही होते. घरातला एकुलता एक टेबलफॅन टाकीच्या पाण्यावर, आणि आम्हा पाहुण्यांच्या हातात पुठ्ठा! आलेला प्रत्येक जण तेच विचारायचा, "हा खायला कसा लागतो?" विचारणाऱ्याला दार दाखवावं असं मला वाटायचं. मीही जनार्दनची टर उडवायचो, पण तो माझा हक्क होता. या लोकांना तो कुणी दिला? जनार्दन मात्र शांतपणे खुर्ची पुढे करायचा. "बस जरा, बघ त्याच्याकडं. मग भूक लागली तर सांग."

दहाव्याला आम्ही नदीच्या घाटावर जमलो. पिंडाला कावळा शिवणार नाही याची मला पक्की खात्री होती. याचा जीव टाकीत अडकलेला असणार, कावळे लांब फांदीवर बसून राहणार, सगळे चुळबुळ करणार, आणि मग मी पुढे होऊन हात जोडून म्हणणार, "जनार्दन, तुझी टाकी रिकामी होऊ देणार नाही." वाक्य मी येताना पाठ केलं होतं. घाटावर सगळ्यांसमोर असा शब्द दिला की टाकीला हात लावायची कुणाची टाप नव्हती. आणि तो कावळा! आम्ही धड मागे सरलोही नव्हतो तोच आला आणि भातावर तुटून पडला. "सुटला रं. कायपन इच्छा रायली नव्हती त्याची," दादा समाधानाने म्हणाले. कावळ्याला मी दगड मारायचंच काय ते बाकी ठेवलं. मेल्या, तुला जरा दम धरवत नव्हता?

घरी आल्या आल्या दादा रबरी नळी घेऊन टाकीपाशी गेले. पाणी काढून टाकायचं, आणि आपल्या मुलाच्या मोबाइलच्या दुकानात ती काच शोकेस म्हणून लावायची, हे त्यांचं आधीच ठरलं होतं. मी आडवा झालो. "तू आमच्या भावकीतला नाय," ते माझ्यावर ओरडले. "त्याची इच्छा असती तं कावला अडला नसता?" मीही तोंडाला येईल ते बोललो. तेवढ्यात आतून सुलभावहिनी आल्या. खांब गावच्या शेतकऱ्याची ही मुलगी, दहा दिवसांत कुणाशी धड बोलली नव्हती.

"नळी खाली ठेवा, दादा."

"अगो, पन कावला..."

"कावळ्याला भूक लागली व्हती, त्यो आला. त्यांची इच्छा रायली नसंल तर बरंच हाय. माझी रायली हाय."

दादांनी नळी खाली ठेवली. वहिनींनी कोपरापर्यंत हात टाकीत घातला आणि कलंडलेला एक खडक सरळ केला. मासे त्या हाताला बुजले नाहीत. घर माणसांनी भरलेलं असताना रोज टाकीत पाणी कोण घालत होतं, हा प्रश्न आमच्यातल्या एकालाही पडला नव्हता!

गेल्या रविवारी रोह्याला गेलो होतो. प्रवाळ वाढून काचेला टेकलं होतं. जनार्दनने त्याला कधी पातं लावू दिलं नसतं. वहिनींनी मात्र मोगऱ्याची फांदी तोडून शेजारणीला द्यावी तसा त्याचा एक फुटवा कापला, छोट्या दगडाला चिकटवला आणि टाकीच्या कोपऱ्यात ठेवला. "ह्यो तुमचा, भावजी. पेणला टाकी लावा, पाणी मुरू द्या, मग घेऊन जा. सगळं एकाच घरात ठेवू नये."

मी चिडलोच. माझ्या घरात जागा नाही, मला यातलं ओ की ठो कळत नाही, मीठ किती घालायचं तेही माहीत नाही, आणि ज्याला विचारायचं तो असा न सांगता निघून गेलेला. मला काय काय येत नाही ते मी त्यांना मोठ्या आवाजात ऐकवलं. बोलता बोलता मी जनार्दनलाच शिव्या घालायला लागलो.

वहिनींनी सगळं ऐकून घेतलं, हात पुसले आणि म्हणाल्या, "मला इचारा की."