उजवीकडं गेलेलं स्टेअरिंग

आमच्या वडिलांच्या, आबांच्या जीपचा विषय निघाला की अजून माझं डोकं फिरतं. धाकट्या भावावर फिरतंच, पण त्याच्या आधी स्वतःवर.

जीप परदेशी, फौजेच्या लिलावात घेतलेली, स्टेअरिंग डावीकडं. आबांचा डावा हात नोकरीत असतानाच मनगटापासून लुळा पडला होता. तो हात ते चाकावर नुसता टेकवून ठेवायचे आणि उजव्या हातानं गिअर टाकायचे. आपल्याकडच्या बाकी सगळ्या गाड्यांचा गिअर डाव्या हाताला येतो, म्हणून त्यांना चालवता येईल अशी ही एकच गाडी. उसाच्या फडावर, फलटणला दवाखान्यात, म्हसवडला सिद्धनाथाला, कुठंही जायचं तर कुणाची मिनतवारी नाही.

मग इंजिन बसलं. पार्ट कुठंच मिळेनात. भावानं ठरवलं, वरची बॉडी तीच ठेवायची आणि खाली जुन्या पिकअपची चेसी आणि डिझेल इंजिन घालायचं. गॅरेज सांगलीत, माझ्या घरापासून जवळ, म्हणून देखरेख माझ्याकडं आली. मिस्त्री कामाला वाघ. डाव्या स्टेअरिंगची गाडी आली की न विचारता उजवी करून द्यायची, ही त्याची पद्धत. वर त्याचा त्याला लय अभिमान. डॅशबोर्ड कापून असा फिरवून बसवला होता की सांधा शोधून सापडेना. भाऊ खूश. मीही म्हणाले, बरं झालं, समोरचं नीट दिसेल. होय, मीच म्हणाले. अक्कल शेण खायला गेली होती माझी. आबांना रंग कुठला हवा ते मी फोन करून दोनदा विचारलं होतं.

गाडी गावी आणली, हळदीकुंकू वाहिलं, नारळ फोडला. भावानं किल्ली आबांच्या हातात दिली. आबा सवयीनं डाव्या दाराशी गेले. तिथं चाक नव्हतं. वळसा घालून ते उजवीकडं बसले आणि इंजिन चालू केलं. डावा हात गिअरच्या दांड्यावर ठेवला, तो घसरला. पुन्हा ठेवला. मग चाक सोडून उजवा हात आडवा आणला. गिअर पडला, पण गाडी चार हात जाऊन गोठ्याच्या खांबाला घासली आणि बंद पडली.

मी भावावर तुटून पडले. म्हटलं, उद्याच्या उद्या होती तशी करून आण. तो म्हणाला, जुनी चेसी, स्टेअरिंग, सगळं भंगारात गेलं. वर शहाणपणा असा, की या वयात आबांना चालवायची गरजच काय, ड्रायव्हर ठेवू. त्याचं मुस्काट फोडावंसं वाटलं.

आबा खाली उतरले. त्यांनी आम्हा दोघांकडं बघितलं आणि किल्ली माझ्या हातात ठेवली.

"गाडी झ्याक झालीया," ते म्हणाले. "आता मला कुठं जायाचं असलं की तुमाला इचारत जाईन."