कोरी गिटार

नव्वदच्या दशकात मी नाशिकच्या एका ऑर्केस्ट्रात इलेक्ट्रिक गिटार वाजवायचो. एरवी सातपूरच्या कारखान्यात प्रेस मशीनवर, आणि लग्नसराईत, जयंतीला, गणपतीत ओझरपासून मनमाडपर्यंत कुठंही स्टेजवर. त्याच काळात आमच्या कीबोर्डवाल्यानं नवा कीबोर्ड आणला. त्यात बासरी होती, व्हायोलिन होतं, अकॉर्डियनही होतं. तो सीझन संपेपर्यंत आमचा अकॉर्डियनवाला आणि बासरीवाला घरी बसले. कुणी त्यांना काढलं नाही, फक्त बोलावणं येईनासं झालं.

त्यामुळे काही वर्षांनी याच कीबोर्डवाल्यानं गंगापूर रोडला फ्लॅटच्या एका खोलीत स्टुडिओ थाटला आणि मला फोनवर म्हणाला, "नुसती गिटार घेऊन ये, ॲम्प नको," तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली. आज ॲम्प नको, उद्या गिटारवाला नको.

काम जयंतीच्या सीडीचं होतं. गाणी लिहिणारी आणि गाणारी ताई आमच्याच कॉलनीतली, शाळेत शिक्षिका. मी हट्टानं ॲम्प, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारा स्पीकरचा खोका, नेलाच, स्कूटरवर पायांच्या मधे ठेवून. दारात मला बघून माझा हा कीबोर्डवाला मित्र हसला. "आणलास? बसू दे त्याला कोपऱ्यात."

त्यानं माझ्या गिटारची वायर एका छोट्या डबीत खोचली, डबीची वायर कॉम्प्युटरला. मग स्क्रीनवर ॲम्पचं चित्र उघडलं. हुबेहूब. पुढं जाळीचं कापड, गोल बटणं, वर उचलायला चामड्याची मूठसुद्धा.

"याला उचलून न्यायचं नाही, मग मूठ कशाला?" मी विचारलं.

"अरे, दिसायला बरं वाटतं."

दिसायला बरं वाटावं म्हणून जे ठेवतात, त्याच्या आत काय आहे ते आधी बघावं, असं मला कारखान्यानं शिकवलं होतं. मी वाजवायला लागलो. त्यानं एकामागून एक ॲम्प बदलले. कुणाचा आवाज काचेसारखा स्वच्छ, कुणाचा चिरका, कुणाचा मैदानात वाजवल्यासारखा घुमणारा. सगळेच छान. तेच मला खटकलं. माझा ॲम्प मी वाईट वाजवलं की तोंडावर सांगायचा. हे सगळे मला गोड बोलत होते.

मी मुद्दाम एक तार हळूच छेडली, मग तीच जोरात. आवाज जवळजवळ सारखाच आला. "हा नको," मी म्हणालो. पुढचाही तसाच. "हाही नको."

"तुझी अडचण काय आहे?"

"मी रागावलो काय नि लाडात आलो काय, याला कळतच नाही."

तो चिडला, पण शोधत राहिला. शेवटी एक साधा ॲम्प सापडला. हळू वाजवलं की स्वच्छ, जोर लावला की घसा बसल्यासारखा. त्यावर थोडा एको टाकला आणि सगळ्या गाण्यांची गिटार आम्ही त्यावर रेकॉर्ड केली. कोपऱ्यातला ॲम्प तसाच परत नेला.

पुढच्या रविवारी ताई स्टुडिओत आली. कच्ची सीडी तिनं घरी ऐकली होती. "दादा, गिटारमध्ये मधूनच कुणीतरी तापल्या तव्यावर पाणी शिंपडतंय."

मित्रानं लगेच माझ्याकडं बघितलं. "तुझी वायर गेली असेल. किती जुनी आहे ती!"

ताईसमोर मला ते लागलं. मी गाणं परत लावायला सांगितलं. चर्र. थोडं पुढं पुन्हा चर्र. मी हाताच्या घड्याळाकडं बघत बसलो. मग संथ गाणं लावायला लावलं. चर्र तेवढ्याच अंतरानं येत होतं. गिटार थांबलेली असतानाही येत होतं.

"वायर घड्याळ बघून खराब होत नाही," मी म्हणालो.

त्यानं स्क्रीनवर तो ॲम्प उघडून बघितला. मग म्हणाला, "तो ॲम्प ट्रायलचा आहे. विकत घेतला नाही तर असा मधे मधे खरखरतो. माझ्या लक्षात राहिलं नाही."

"लक्षात राहिलं नाही, पण माझी वायर बरी लक्षात आली," मी म्हणालो. ताईनं आम्हा दोघांना गप्प केलं. जयंती तोंडावर आली होती. "आता सगळं परत वाजवायचं का?"

"गरज नाही," मित्र म्हणाला. "गिटार कोरीच आत पडून आहे. ॲम्प वरून चढवलाय फक्त." त्यानं ॲम्प बंद केला.

मी पहिल्यांदाच स्वतःला तसं ऐकलं. पत्र्यासारखा, बारीक आवाज. तारांवर बोटं घासल्याचं ऐकू येत होतं. माझ्या अनामिकेचं टोक प्रेसमध्ये गेलेलं आहे, त्यामुळं वरचा सूर मला खालून घसरत गाठावा लागतो. ते घसरणं प्रत्येक ओळीत उघडं पडलं होतं. चारचौघांत अंगावरचा शर्ट काढल्यासारखं झालं मला.

नवा ॲम्प या वेळी ताईनं निवडला, डोळे मिटून. भारदस्त आवाज आला की म्हणायची, "हा नको, माझे शब्द दाबतो." तिनं सगळ्यात मुका आवाज पसंत केला. एकटा ऐकला तर भिकार, पण तिच्या गळ्याखाली अलगद बसला. जयंतीला आमच्या कॉलनीत तीच सीडी सकाळपासून वाजत होती.

मी मात्र मित्राला म्हणालो, "ती कोरी गिटार तुझ्याकडून काढून टाक."

"माझ्यावर विश्वास नाही?"

मी स्क्रीनकडं बोट दाखवलं. त्यानं माझ्यासमोर फाईल पुसली. दुसरी प्रत आहे का, हे विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं. विचारलं नाही.

वर्षभरानं बहिणीकडून परतताना येवल्याच्या स्टँडवर बसची वाट बघत होतो. कँटीनमध्ये कुठल्याशा नव्या अल्बमचं गाणं लागलं. मधेच गिटार आली, डरकाळी फोडल्यासारखी, माझ्या गिटारशी काडीचा संबंध नसलेली. आणि वरचा सूर आला तो खालून घसरत. हातातला चहा तसाच ठेवून मी स्पीकरजवळ जाऊन उभा राहिलो.

नाशिकला उतरलो तो थेट स्टुडिओत. "मी तुझ्याकडं आणखी कुणासाठी वाजवलं होतं?"

त्याला ताबडतोब कळलं. "तुझ्या कोऱ्या गिटारची एक प्रत राहिली होती, तिच्यातला एक तुकडाच घेतला रे. अल्बम करून घेणाऱ्या पार्टीला घाई होती, तू ड्यूटीवर होतास. आवाज पूर्ण बदलला होता मी. ओळखलंस कसं?"

"आवाज तुझा होता. हात माझा होता."

तो खाली बघत म्हणाला, "विचारायला हवं होतं." मी चहा न घेता निघालो.

त्या दिवाळीला मी जुना कॉम्प्युटर घेतला आणि घरीच गिटार रेकॉर्ड करायला लागलो. ॲम्प, एको सगळं मीच निवडतो, आणि ते चढवूनच गिटार बाहेर पाठवतो. रेकॉर्डिस्ट कुरकुरतात, की मग त्यांना काही बदलता येत नाही. मित्रानंही पुढं कामं दिली, मी केली. त्याच्या मुलीच्या लग्नात स्टेजवर आम्ही दोघं शेजारी उभे राहून वाजवलं, आणि मजा आली. पण अजूनही फोन ठेवता ठेवता तो म्हणतो, "एकदा कोरी पाठव ना, छान सजवतो." मी म्हणतो, बघू.