गोलातला उजवा हात

पिंपळीच्या सुनंदाताईनं मला लिहायला शिकवलं. तिचं नाव आधी लिहिते, बाकीचं नंतर. मी चौथीत शाळा सोडलेली, शिकलेली अक्षरंही विसरलेली, जतकडची, मेंढरांमागं हिंडलेली. तुम्ही वाचताय ही अक्षरं तिनं टोमॅटोच्या क्रेटवर कागद ठेवून माझ्याकडून गिरवून घेतली. आणि तिच्याशी मी जे केलं, ते आजवर कुणालाही — आईला नाही, नवऱ्याला नाही — सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगते? तुम्ही तिला ओळखत नाही, म्हणून असेल.

तोंडावर मी तिला ‘तुमी’ म्हणायची, मनात ‘ती’. आणि मनातलं फारसं गोड नसायचं.

आमची मेंढरं दरवर्षी तिच्या वडिलांच्या, म्हणजे आबांच्या रानात बसायची. रानाला खत व्हायचं, आम्हाला ज्वारी मिळायची. एका वर्षी रोग आला, निम्मा कळप गेला, उरलेला वडिलांनी विकला. मला आबांकडं कामाला ठेवलं आणि ते गावी निघून गेले. मी सतरा वर्षांची होते. पाण्याचं रान, टोमॅटो, वांगी, मिरची. तोडायचं, निवडायचं, क्रेट भरायचे. तोडताना एखादं वांगं खाली पडलं तरी वाटायचं — हाकलतील का? हाकललं तर जाऊ कुठं?

सुनंदाताई तेव्हा बारामतीला बारावीला होती. तिला वकील व्हायचं होतं. पुण्याच्या एका लॉ कॉलेजात बारावीनंतर पाच वर्षांचं शिक्षण होतं आणि त्यासाठी प्रवेश परीक्षा. आबांनी एकाच वाक्यात निकाल दिला होता, “येकदा बसायचं. जमलं तर जमलं, न्हाय तर गुमान लगीन.”

त्या परीक्षेत कोड्यांचा एक भाग असायचा. पाच माणसं एका ओळीत बसलीत, हा त्याच्या शेजारी नाही, तो टोकाला नाही, तर मधे कोण? तिनं पुण्याहून जुनं पुस्तक आणलं होतं, इंग्रजी. पण मागची उत्तरांची पानंच कुणीतरी फाडून नेलेली. मग ती दुपारी शेडात बसून कोडं मराठीत सांगायची, स्वतः कागदावर सोडवायची आणि मी खडे मांडायची. अवघड काय होतं त्यात? कुठलं कोकरू कुठल्या मेंढीखाली सोडायचं, कुठले दोन एडके शेजारी बांधायचे नाहीत, हे मी अक्षरांच्या आधी शिकले होते. तिचं उत्तर आणि माझं उत्तर जुळलं की ते बरोबर, असं आमचं ठरलं. नाही जुळलं की बहुतेक वेळा मीच खरी निघायची. पुस्तकातली फाटलेली पानं म्हणजे मी झाले होते. मला त्याचा केवढा अभिमान होता, सांगू? कुणीतरी मला विचारत होतं — बरोबर आहे का म्हणून.

मग एक रविवार आला. तिचे मामा, मामी आणि बारामतीची दोन माणसं आली होती. तिनं मला ओट्यावर बोलावलं. “कमळे, हे एक सोडव बघू,” म्हणाली. कोडं एका घरातल्या माणसांचं होतं — सासरा, सासू, मुलगा, सून, मुलगी, जावई. पहिलीच अट: सून सासऱ्याला लागून बसली आहे.

मी खडा हातात धरून थांबले. म्हणाले, “आसं कसं? सून सासऱ्याजवळ बसंल व्हय? पुस्तकातच चुकलंय कायतरी.”

हसून हसून मामांना ठसका लागला. “घ्या आबा! मेंढरांची वकिलीण ठिवलीय तुमी!” मामी म्हणाल्या, “आगं, पदर घिऊन बसली आसंल की ती!” पुन्हा हसणं. मी सुनंदाताईकडं बघितलं. आता ती सांगेल, वाटलं. ‘ही माझ्याआधी सोडवते’, एवढं एक वाक्य. तीही डोळे पुसत हसत होती. म्हणाली, “आवो मामा, करमणुकीला बसवते मी हिला. हिला काय कळतंय त्यातलं?”

एवढंच. लोक याहून वाईट बोलतात आणि आपण जेवून झोपतो. मी नाही झोपले — की झोपले होते? आठवत नाही. त्या दिवसापासून मी तिचा राग पाळला, एवढं आठवतं. चारापाणी घालून पाळला.

पुढच्या आठवड्यात तिनं गोलाचा धडा काढला. माणसं गोल बसलीत, तोंडं आत. अमक्याच्या उजवीकडं कोण? ती कागदावर गोल काढायची आणि खालच्या माणसाचा उजवा हात कागदाच्या उजवीकडं धरायची. ते बरोबरच. पण वर, पलीकडं बसलेल्या माणसाचाही उजवा हात ती तिकडंच धरायची. त्याचं तोंड आपल्याकडं आहे, त्याचा उजवा हात आपल्या डावीकडं येतो, हे तिच्या ध्यानातच येत नव्हतं. मला खडे मांडायच्या आधी दिसलं. आम्ही धनगराची माणसं जन्मभर गोलात जेवलो. समोरच्यानं भाकरी कुठल्या हातानं पुढं केली, हे आम्हाला मोजावं लागत नाही.

“बरोबर हाय का गं?” तिनं विचारलं.

मी खडे हलवले, तिच्या उत्तराला जुळतील असे मांडले आणि म्हणाले, “व्हय ताई, बराबर हाय.”

एकदा नाही. परीक्षेपर्यंत रोज. कधी तिला स्वतःलाच शंका यायची, पेन्सिल थांबायची. तेव्हा मी मुद्दाम म्हणायची, “पैल्यांदा केलं तेच बराबर हुतं.” ती आनंदानं पुसलेलं पुन्हा लिहायची. मला बरं वाटायचं — हे लपवून कसं चालेल? फार बरं वाटायचं. हिला काय कळतंय, असं मी मनात म्हणायची, तिच्याच आवाजात.

ती आबांबरोबर पुण्याला जाऊन परीक्षा देऊन आली. एसटीतून उतरून घरात न जाता थेट शेडात आली. “कमळे, गोलाचीच कोडी जास्त होती! येक पण सोडलं न्हाय मी!” तिनं माझे चिखलाचे हात हातात घेतले. तेव्हा तरी बोलायचं होतं की नाही? पेपर देऊन झाला होता, बोलून काय होणार होतं, असं मी स्वतःला सांगितलं. भित्री होते, म्हणून सांगितलं.

यादी लागली. तिचं नाव थोडक्यात राहिलं. आबा रागावले नाहीत, नुसते म्हणाले, “झालं तर मग.” पुढच्या उन्हाळ्यात पळसदेवला तिचं लग्न झालं. जाण्याआधी तिनं काय केलं, माहीत आहे? माझा सतरा नंबरचा फॉर्म भरला, मी बाहेरून दहावीला बसावं म्हणून. सही कुठं करायची तिथं बोट ठेवून म्हणाली, “तुला जमंल. माझं डोकंच कमी पडलं गं त्यात.” मी सही केली. दहावी पासही झाले. त्यावरच इंदापूरच्या रोपवाटिकेत नोंदी ठेवायचं काम मिळालं.

भिगवणहून येताना एसटी पळसदेवला थांबते. मी खिडकीतून बघते आणि उतरत नाही. गेल्या वर्षी तिच्या गावची एक बाई रोपं न्यायला आली होती. मी सुनंदाताईचं विचारलं. ती बाई म्हणाली, “बरी हाय की. कागदपत्राचं कायबी आसलं तर नवऱ्याला म्हणती, तुमीच बघा, मला त्यातलं कळत न्हाय.”

मामा हसले, ती हसली म्हणून मी हे केलं, असं मी म्हणणार नाही. त्यांचं हसणं एका दिवसाचं होतं. मी रोज केलं, समजून केलं. तुम्ही काही म्हणावं अशी अपेक्षा नाही. पळसदेवला मी एक दिवस उतरेन. तिच्यासमोर बसेन आणि सांगेन की तिचं डोकं कधीच कमी पडलं नव्हतं; चूक दिसत असूनही मीच ‘बराबर हाय’ म्हणत गेले. तिचा स्वतःवरचा भरवसा तिला परत करेन.