बायकोच्या खुन्याला फाशी नको म्हणणारा नवरा

नोकरीतली पुष्कळ प्रकरणं विसरलो, पण कसबा पेठेतल्या त्या म्हातारीच्या खुनाचं डोक्यातून जात नाही. मी शिपाई म्हणून भरती झालो, फौजदार होऊन निवृत्त झालो. शिक्षण बेताचं, तेव्हा सरळच लिहितो.

भरदुपारी, नवरा देवळात कीर्तनाला गेलेला असताना, कुणीतरी त्या बाईला उशी दाबून मारलं आणि हातातल्या सोन्याच्या पाटल्या नेल्या. दार फोडलेलं नव्हतं. म्हणजे आलेला माणूस ओळखीचा. आमचा खबऱ्या म्हणाला, "साहेब, लोणी काळभोरचा तिचा भाचा त्या दुपारी गल्लीत दिसलावता." भाच्यानं तर जबाब दिला होता, त्या दिवशी गाव सोडलंच नाही.

दहाव्याला मी साध्या कपड्यात घाटावर गेलो. पिंडाला कावळा शिवेना. जो तो हात जोडून म्हातारीला शब्द देऊ लागला. शेवटी नवरा भाच्याला म्हणाला, "अरे, तू बोल. तुझ्यावर फार जीव होता तिचा."

पोरगा पुढं झाला आणि बोलून गेला, "मावशे, पाटल्या परत आणून देतो."

पुढं कावळा शिवला की नाही, ते मी पाहिलं नाही. मी त्याचा दंड धरला होता.

ठाण्यात हात लावावा लागला नाही. चहा समोर ठेवला, तर रडत सगळं ओकला. पोलिसापुढची कबुली कोर्टात चालत नाही, म्हणून पंच घेऊन त्याच्या घरी गेलो. ज्वारीच्या पिंपातून पाटल्या निघाल्या, पंचनामा झाला. ती शेवटी काय बोलली, एवढं मात्र तो सांगेना. विचारलं की मान खाली.

गल्ली पेटली होती. सगळ्यांना फाशी हवी होती, मलाही. मी नवऱ्याला म्हटलं, "काका, सरकारी वकिलांना सांगा, फाशीच मागा."

"मागून मला काय मिळेल?"

"न्याय."

"अहो फौजदार, ती गेली तेव्हा जवळ तो एकटाच होता. त्यालाही मारलंत, तर मी विचारू कुणाला? तुम्हाला?"

वकिलांनाही त्यांनी तेच ऐकवलं. भाच्याला जन्मठेप झाली.

काही वर्षांनी काका तुरुंगात भेटीला निघाले, मला सोबत घेतलं. जाळीपलीकडे केस पिकू लागलेला भाचा. काकांनी एकच विचारलं, "काय म्हणाली रे?"

"मी पाटल्या ओढत होतो. म्हणाली, अरे ओरबाडू नको, थांब, साबण लावून काढून देते. तेवढ्यात जिन्यात पाय वाजले, अन् मी भ्यालो, काका."

काकांनी डोळे पुसले. मग म्हणाले, "हो. अशीच होती ती."

माझी बायको गेल्या वर्षी दवाखान्यातच वारली. मी खाली औषधं आणायला गेलो होतो. शेवटी काय बोलली, कुणालाच माहीत नाही. आयाबाईंना दोनदा विचारून आलो.

लोक म्हणतात, खुन्याला लटकवा. मी एवढंच म्हणतो, माणूस घाबरून मारतो, रागानं मारतो. आपण तारीख ठरवून, हातपाय बांधून मारायचं आणि त्याला न्याय म्हणायचं? तपास आमच्यासारखेच करतात. चुकले, तर तुरुंगातला माणूस बाहेर काढता येतो, मेलेला नाही. त्या भाच्याला फाशी दिली असती, तर म्हातारीचं शेवटचं बोलणं काकांना कधीच कळलं नसतं.